ताटावर आडवा धरलेला हात

मंडळी, आत्ताच शाळेतून कोल्हारला घरी आले. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय चहा गोड लागायचा नाही.

वेप, म्हणजे ती वाफेची सिगारेट. आज आठवीच्या वर्गाशी त्याबद्दल बोलायला दहावीची ऋतुजा उभी होती. आम्ही शिक्षक दाराबाहेर. तिचीच अट!

"पंगतीत वाढपी लई आग्रह करतो, तवा आपन काय करतो?" तिनं विचारलं.

सगळ्यांनी नसलेल्या ताटावर हात आडवे धरले.

"बास, तसंच. दोस्तानं वेप पुढं केली की भांडायचं न्हाई. हसून हात आडवा धरायचा."

मागच्या बाकावरून सोहम हळूच म्हणाला, "मी धरला व्हता, ताई. तवापासून दोस्त माझ्याशी बोलत न्हाईत."

बाहेर मी मनात भाषण जुळवायला लागले. ऋतुजा एवढंच म्हणाली, "मंग आज डबा माझ्यासंगं खा."

मधल्या सुट्टीत पाहिलं, तर ती त्याला आग्रह करकरून शेंगदाण्याची चटणी वाढत होती. पठ्ठ्यानं एकदाही हात आडवा धरला नाही.

'नको म्हण' असं आपण पोरांना सांगून मोकळे होतो. नको म्हणून एकटं पडलेल्या पोराशेजारी तुमच्याकडे डबा उघडून कोण बसतं?