हरताळाचे चार दिवस

वकीलकाकांनी मला फसवलं. लालबागचा माझा पत्र्याच्या पेट्यांचा गाळा त्यांच्यामुळे गेला, आणि हे मी त्यांना तोंडावर शंभरदा सांगितलं होतं.

गिरगावात एका चाळीच्या जिन्याखालच्या खोलीत ते बसत. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाला की संध्याकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर जाड फुली मारत. "आज दिवस उगवलाच नाही," म्हणत. त्या दिवशी काकूंशी झालेलं भांडणही ते धरत नसत. काकू मात्र धरत.

माझ्याकडून गाळा रिकामा करून घेण्याचा हुकूम घरमालकाला कोर्टातून मिळाला. वरच्या कोर्टात अपिलाची परवानगी मागायला तीस दिवसांची मुदत होती. त्यात चार हरताळ आले. काकांनी त्या चार फुल्या वगळल्या आणि चौतिसाव्या दिवशी, इस्त्रीचा कोट घालून, अर्ज घेऊन गेले.

"चार दिवस उशीर का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हरताळ होता, साहेब."

"कोर्ट उघडं होतं."

"कोर्ट उघडं होतं. मुंबई बंद होती."

न्यायाधीश हसले, आणि अर्ज फेटाळला.

बाहेर मी त्यांची कॉलर धरली. "चार नाही तर निदान दोन दिवस तरी माफ करून घ्यायचे."

"ती काय भाजी आहे? आणि तिसऱ्या हरताळाला कोण म्हणालं होतं, आज कोर्टाची पायरी चढलात तर तंगडी मोडीन?"

मीच म्हणालो होतो. पण रागात माणूस काहीही बोलतो. वकिलानं ते ऐकायचं असतं का?

गाळा गेला तेव्हा काकांनी आपलं टेबल खिडकीशी ओढलं आणि अर्धी खोली मला दिली. त्यांची अशिलं माझ्या पेट्यांवर बसत. "बसा," काका सांगत, "पण विकत घेऊ नका. हा माणूस भाव उतरवत नाही." आम्ही रोज भांडलो. मुंबई मिळाली त्या दिवशी पहिला पेढा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"मिळाली ना मुंबई?"

"मुंबई मिळाली. गाळा?"

त्यांनी दुसरा पेढा ठेवला.

पुढच्याच वर्षी ते गेले. त्या तारखेवर मी जाड फुली मारली. दुकान उघडलं नाही.

पण माझी तक्रार कायम आहे. ज्यांनी ते हरताळ पुकारले, ते आज मोठ्या खुर्च्यांवर आहेत. त्यांच्यापैकी कोणीतरी या जिन्याखाली यावं, माझ्या पेटीवर बसावं आणि सांगावं: ते चार दिवस मोजायचे होते की नव्हते?