घोटीहून तिसरी खेप

मंडळी, आज पाय नुसते ठणकताहेत. द्वारका चौकातल्या एका मोबाइल कंपनीच्या दुकानात दिवसभर काउंटरवर उभी असते मी.

घोटीचे एक काका बंद सिमसाठी आज तिसऱ्यांदा आले. आधी दोनदा मी मॅनेजरनं शिकवल्यासारखं हसून "उद्या नक्की होईल" म्हटलं होतं. आज हसायचंही त्राण नव्हतं. म्हटलं, "काका, या आठवड्यात होणार नाही. उगाच येऊ नका. झालं की तुमच्या मुलाला फोन करते."

काका म्हणाले, "आता खरं बोललीस, पोरी. समोरच्या कंपनीचं सिम घेणार होतो. आता नाय घेत."

मॅनेजरनं मात्र झापलं, "कस्टमरला नाही म्हणतात का?"

दोनदा खोटं बोलले, तेव्हा कोणीच झापलं नाही. सांगा, उद्या काउंटरवर काय बोलू?