अकराने भाग जातो

नम्रताबाईंना आकड्यांची भारी खोड. एसटीचा नंबर दिसायचा अवकाश, शाळेतल्या ह्या बाई त्याची जात सांगून मोकळ्या. हा मूळ, कुणाच्या बापाला भाग जाऊ देणार नाही. हा संयुक्त, ह्याला तीनने जातो. नवरा मंगेश चिडवायचा, "मी कसलो गो? मूळ काय संयुक्त?" होडीवर संकटात हाक देणारं यंत्र बसवलं, तेव्हा त्याने बायकोला मुद्दाम बंदरावर नेलं. सहा आकडी नंबर बघून बाई म्हणाल्या, "अकरान भाग जाता." मंगेश हसला, "बरो आसा मगे."

पुढे नंबर घरीही असावा म्हणून त्याने तो होडीवरून फोनवर सांगितला. इंजिनाची धडधड, इकडे चुलीवर दूध उतू चाललेलं. बाईंनी घाईघाईत दारामागे खडूने लिहून टाकला. तपासायला कुठली फुरसत!

आणि आता हे मेलं वादळ. बाकीच्या होड्या परतल्या, मंगेशची नाही. बाईंनी दारावरचा नंबर बंदराच्या कचेरीत कळवला. दुपारी साहेबाचा फोन आला, "बाई, ह्या यंत्रातून हाक आलेलीच नाही. नंबर बरोबर आहे ना? परत बघून सांगता?"

बाईंच्या जिवात जीव आला. चुकला असेल! त्रेपन्न म्हटलं की तीन आधी ऐकू येतो, मग पाच, आणि पोरं पस्तीस लिहून ठेवतात. त्यासाठी किती कान पिळले होते त्यांनी! आज मीही तसंच केलेलं असू दे, देवा. आकडे उलटे पडलेले असू देत, म्हणजे खऱ्या नंबरावरून तो हाका मारत असेल.

दारावर होतं ६३५३४९. बेरीज तीस, तीनने भाग जातो. पण त्याला काय अर्थ? आकडे उलटेसुलटे झाले तरी बेरीज तीच राहते. अदलाबदल पकडतो तो अकरा. एकाआड एक आकडे घ्यायचे, दोन्ही बेरजा सारख्या आल्या तर भाग जातो, म्हणजे नंबर बरोबर. सहा, पाच, चार : पंधरा. मग उरलेले. तीन, तीन. शेवटचा नऊ त्यांना मिळवावासा वाटेना.

पंधरा.

त्रेपन्नच्या जागी पस्तीस असता तर तेरा आणि सतरा झाले असते. त्यांनी पुन्हा केलं, उलटीकडून केलं. अकरा कसला ऐकतोय! कधी नव्हे ते चूक व्हावी म्हणून जीव टाकला होता, तीही नशिबात नव्हती.

"काय गो?" सासूबाई, सुभद्राआई, उंबऱ्यात उभ्या होत्या. सून नंबर तपासतेय एवढंच त्यांना ठाऊक. "चुकलो काय?"

"नाय, आये," नम्रताबाईंच्या तोंडून निघालं. "बरोबर आसा."

"बरोबर आसा!" म्हातारीने हात जोडले आणि शेजारच्या सुदेशला हाका मारत अंगणात धावली. "सुदेशा, बरोबर आसा रे! माझो मंगेश गावलो!"

बाई तिच्या मागे धावल्या. तिला थांबवून नीट सांगायचं होतं : नंबर बरोबर, म्हणजे हाक आलेलीच नाही.