ईराची वही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. विल्सनला, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही नाही. वसईत वाढलेली कॅथलिक मुलगी मी — दर वर्षी ईस्टरच्या आधी फादरसमोर कन्फेशनला गुडघे टेकते, चिडचिड, खोटं बोलणं, आळस, सगळं सांगते. हे मात्र प्रत्येक वेळी ओठांपर्यंत येऊन परत जातं. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

मी सिडनीच्या पश्चिम भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मुंबईत भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, म्हणून इथं इयर एटच्या हुशार मुलांच्या खास वर्गाला पृथ्वीविज्ञान शिकवायला मिळालं. तेरा वर्षांची पोरं — पण प्रश्न असे विचारायची की वर्गात जाण्याआधी माझे तळहात ओले व्हायचे. कुणाला सांगणार हे? बाहेरून मी फार ठाम दिसते.

त्या वर्गात ईरा होती. स्कोफिल्ड्सला नव्या वसाहतीत राहणारी, आईवडील पुण्याचे. बारीक, चष्मेवाली, हळू आवाजात बोलणारी.

मी माती शिकवत होते. आमच्याकडची चिकणमाती पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसते, म्हणून नव्या घरांच्या भिंतींना भेगा जातात. ‘उन्हाळ्यात भेगा रुंदावतात, पावसात मिटतात,’ मी फळ्यावर लिहिलं. ईराचा हात वर गेला.

“बट मिस, आमच्या घरातल्या काही भेगा पावसातच मोठ्या होतात.”

“तसं होत नाही, ईरा.”

“आय मेझर्ड देम, मिस.”

मागून कुणीतरी हसलं. तिला नाही — मला. एवढंसं हसू. ते मी घरी घेऊन गेले, तुम्हाला खरं वाटेल का?

मग तिनं त्याच विषयावर प्रोजेक्ट केला. चार महिने. स्वतःचं घर आणि शेजारची दोन, मिळून बारा भेगा. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलची खूण, वर्निअरनं मोजायचं, अंगणात बरणी ठेवून पाऊस मोजायचा. निष्कर्ष असा, की बारापैकी पाच भेगा पावसानंतर रुंदावल्या. कारणही दिलं होतं तिनं — पाऊस आधी घराच्या कडेची माती भिजवतो, मधली कोरडीच राहते. त्यामुळे कड उचलली जाते आणि भिंत फाकते.

मी ते वाचलं, आणि मला काय वाटलं? आनंद व्हायला हवा होता. मला दिसला तो फळ्यावरचा माझा हात, आणि ऐकू आलं ते हसू.

सगळ्यांचे प्रोजेक्ट परत देताना मी तिचा वर धरला आणि म्हणाले, “खरे आकडे इतके सोयीचे नसतात. आधी उत्तर ठरवायचं आणि मग आकडे लिहायचे, याला विज्ञान म्हणत नाहीत.” नाव घेतलं नाही. गरज नव्हती, कव्हर सगळ्यांना दिसत होतं.

ईरा जागेवरून उठली. “आय डिडन्ट मेक इट अप, मिस,” एवढंच म्हणाली. रडली नाही. रडली असती तर कदाचित मी थांबले असते — पण हेही मी आज म्हणतेय.

शाळेत अशा संशयाची नोंद करावी लागते. ती मी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या तासाआधी, तिनं एक वही माझ्या हातात दिली. स्टाफरूममध्ये बसून मी ती उघडली. रोजची तारीख, रोजचा पाऊस, बाराही भेगा. कुठं पेन बदललेलं, कुठं खाडाखोड, एका पानावर चहाचा डाग. मध्येच तीन दिवस अक्षर वेगळं, मोठं, गोल — आणि खाली मराठीत लिहिलेलं: ‘ईरा कॅम्पला गेलीय. मी मोजलं. जमलंय की नाही देव जाणे. — आई.’

अख्ख्या शाळेत ती ओळ वाचू शकणारी मी एकटी होते.

आकडे खरे होते. पाचव्या-सहाव्या पानालाच मला कळलं होतं, तरी शेवटपर्यंत वाचत राहिले. तिचं कारणही बरोबर होतं. मी जे शिकवलं ते अर्धवट होतं. एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं?

दुपारी आमच्या विभागप्रमुख केट यांनी विचारलं, “ईरानं कच्च्या नोंदी वगैरे काही दिल्यात का?” वही माझ्या ड्रॉवरमध्ये होती, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

“नाही,” मी म्हणाले.

पण मला सांगायचंय ते हे नाही. म्हणजे, हेही आहेच — पण त्यानंतरचं जे आहे, तेच तोंडातून निघत नाही.

त्या शुक्रवारी ईराची आई भेटायला आली. कामावरून अर्धा दिवस रजा काढून, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यातच. मराठी टीचर आहे म्हणून तिला केवढा धीर आला होता. दार लावून घेतलं आणि खाली मान घालून बसली.

“मॅडम, तुम्ही वही बघितलीत ना?”

“बघितली.”

“त्यात तीन दिवस मी मोजलंय हो. मला ते वर्निअर नीट वाचता येत नाही. माझ्यामुळेच तिचे आकडे बिघडले का?”

ती माझ्याकडे बघत होती. तिला दोष हवा होता — स्वतःसाठी, मुलीवरचा काढून घ्यायला. तिचे तीनही दिवस बरोबर होते, आधीच्या-नंतरच्या नोंदींशी जुळणारे. मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत.

“शक्य आहे,” मी म्हणाले.

तिनं डोळे पुसले. “सॉरी हं, मॅडम. तुम्हाला उगीच त्रास झाला.” जाताना माझा हात हातात घेऊन दाबला.

वही मी त्याच संध्याकाळी रद्दीच्या, पिवळ्या झाकणाच्या बिनमध्ये टाकली. ईरानं एकदा परत मागितली. “शोधते,” म्हटलं. पुन्हा तिनं विचारलं नाही. पुढच्या वर्षी त्या खास वर्गाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. यादी करणाऱ्यांत मीही होते.

तीन-साडेतीन वर्षांनी, म्हणजे गेल्या डिसेंबरात, हॅरिस पार्कच्या एका मिठाईच्या दुकानात त्या भेटल्या. आई, ईरा, आणि धाकटी मीरा. आईनं मला मिठीच मारली. ईरा इयर ट्वेल्व्हला जाणार होती, सायन्सचा एकही विषय घेतलेला नव्हता. “तिचं मनच उडालं त्यातून,” आई म्हणाली, “चूक माझीच म्हणा. पण ही बघा, मीरा, जानेवारीपासून तुमच्या वर्गात. तुमच्या हाताखाली आहे म्हणजे मला काळजी नाही.”

“हाय, मिस,” ईरा म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं, मी आधी नजर वळवली. मग तिनं मीराच्या खांद्याला धरून तिला हळूच आपल्याकडे ओढून घेतलं.

मीरा आता माझ्या वर्गात आहे, खिडकीजवळ बसते. बहिणीइतकीच हुशार आहे — पेपरात दिसतं. मी फळ्यावर लिहिते, ती उतरवून घेते, अक्षर न् अक्षर. शाळा सुरू होऊन चार महिने झाले. तिनं अजून एकदाही हात वर केलेला नाही.