ठमाकाकीनं निवडलेला प्लेअर

ठमाकाकी कुठल्याही वस्तूला आधी टिचकी मारायची आणि मगच तिच्याबद्दल बोलायची. नारळ, माठ, कलिंगड यांचं ठीक आहे, ते कोणीही वाजवून घेतं. पण काकी शेजाऱ्याच्या नव्या भिंतीला, पाव विकायला आलेल्या भय्याच्या पत्र्याच्या पेटीला, मोटरसायकलच्या टाकीलासुद्धा टिचकी मारायची. डोळे मिटायची, कान तिरका करायची आणि निकाल द्यायची. "भरलेला हाय," किंवा "पोकल हाय." त्यावर अपील नाही. मी पहिला लॅपटॉप घेऊन पेणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावी गेलो, तेव्हा तिनं त्यालाही टिचकी मारली. "पोकल हाय र बाला," ती म्हणाली. "दुकानदारानं फशिवला तुना."

ती माझी सख्खी काकी नव्हे. आमच्या अंगणापलीकडचं घर तिचं. नवरा मिठागरावर, आणि ही पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायच्या कामाला. टिचकीची सवय तिथलीच. साच्यातून काढलेल्या मूर्तीला कुठं चीर असली तर आवाज फुटका येतो म्हणे. कारखाना सुटला तरी सवय सुटली नाही. आमच्या लहानपणी आम्ही चाळे केले की टिचकी डोक्यावर बसायची आणि निकाल ठरलेला असायचा.

पण गावात तिचा मान होता तो धवलारीण म्हणून. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात मांडव उभारण्यापासून हळद उतरेपर्यंत बायका धवला गातात. धवलारीण एक ओळ म्हणते, थांबते, मागच्या बायका तीच ओळ उचलतात, मग ती पुढची म्हणते. ब्राह्मण नंतर येतो, बँड त्याच्याही नंतर. खांब गावच्या एका लग्नात नवऱ्याकडच्या बँडवाल्यांनी मध्येच सुरुवात केली, तर काकी उठली, तिनं ढोलाला टिचकी मारली आणि म्हणाली, "तुजा ढोल भरलेला हाय, मान्य हाय. पन आदी धवला. देव जागा झाल्याशिवाय नाचतोस कोनासाठी?" बँडवाले गुमान बसले. तिच्या आवाजाला धार होती. कोणीतरी एकदा जरा मऊ म्हणायला सांगितलं, तर फटकन उत्तर आलं, "मऊ व्हायला तो काय वरनभात हाय?"

आता माझ्या आजाराविषयी सांगायला हवं. मी रोह्याला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो, आणि उरलेल्या वेळात गाणी ऐकतो असं मी म्हणतो. माझी बायको सुनीता म्हणते की मी गाणी ऐकत नाही, आवाज ऐकतो. तेही खरं. एकच गाणं मी लॅपटॉपवर एका प्लेअरमधून ऐकतो, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. कुठल्यात तबल्याची शाई ऐकू येते, कुठल्यात गायकाचा श्वास गिळला जातो, याचा शोध घेण्यात माझे कित्येक रविवार गेलेत. सुनीता खांबकडची, भातशेतीवाल्यांची लेक, हिशोबाला सरळ. "फाइल तीच, स्पीकर तेच, कान तेच," ती म्हणायची. "मग मधला हमाल बदलून काय होणार?" मी तिला समजावायला लागलो की ती कुकर लावायची.

काकी एकदा रोह्याला आमच्याकडे राहायला आली होती. मी नवीन रेकॉर्डर घेतला होता आणि तो कोणावर तरी चालवून बघायला हात शिवशिवत होते. म्हटलं, काकी, धवला म्हण. मागं बायका नाहीत, मांडव नाही, तरी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि अख्खा धवला म्हणाली. मी तो सगळ्यात चांगल्या दर्जाच्या फाइलमध्ये साठवला. तिच्या गळ्याचं पुढं काय होणार आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, काकी वाचली, आवाज गेला. उरली ती कुजबुज. त्यानं ती गप्प झाली असेल असं कोणी समजू नये. उलट आता सगळ्यांना वाकून, जवळ येऊन तिचं ऐकावं लागे, आणि जवळ आलेलं डोकं टिचकीच्या टप्प्यात असे. ती रडली नाही. फक्त लग्नांना जायची बंद झाली. बोलावणं आलं की म्हणायची, "जेवायला येईन. मांडवात नाय."

आणि अशात तिच्या नातीचं, प्राचीचं लग्न ठरलं. प्राची पाळण्यात असल्यापासून काकी गावभर सांगत आली होती की हिचा धवला मी म्हणणार, दुसरी कोणी नाही. आता काय करायचं? शेजारच्या गावच्या धवलारणीला सांगावं, असं घरात चाललं होतं. काकी ऐकून न ऐकल्यासारखं करत होती, आणि ते बघवत नव्हतं. तेव्हा प्राचीनंच मला फोन केला. "दादा, तुझ्याकडं आजीचा धवला हाय ना? तोच वाजवायचा. मना दुसऱ्या कोनाचा नको."

मी तर उडालोच! इतकी वर्षं ज्या खटाटोपाला बायको हसत होती, त्याला अखेर काम मिळालं होतं. मी आणि सुनीता लॅपटॉप, स्पीकर घेऊन गावी पोचलो. काकीनं अट घातली. कुजबुजतच, पण पंचांसमोर सांगावं तशी. "डब्यातून तर डब्यातून. पन बाई मीच पायजे. दुसरीच कोन बोलते असं वाटलं, तर मी सोता जाऊन त्या गावच्या धवलारनीला नारल देऊन बोलवीन."

रविवारी सकाळी ओटीवर परीक्षा बसली. मी स्क्रीन काकीकडे पाठ करून ठेवला, कुठला प्लेअर लावलाय ते कळू नये म्हणून, आणि दर वेळी फक्त पहिली ओळ ऐकवायची असं ठरलं. पहिला होता देखणा, रंगीत पट्ट्या नाचवणारा, इक्वलायझरवाला. त्यानं काकीच्या आवाजाला असा काही मुलामा दिला की सुनीतासुद्धा म्हणाली, वा! काकीनं नाक मुरडलं. "ही नटवी कोन? तोंडाला पावडर लावून आलीय."

दुसरा लावल्याबरोबर मात्र तिनं मांडीवर हात मारला. "हां! हीच मी! बंद कर बाकीचं." मी थक्क, कारण तो अगदी सुमार प्लेअर होता. मग लक्षात आलं की तो नुसता मोठ्यानं वाजत होता. मोठा आवाज कोणालाही चांगलाच वाटतो, मोठमोठे जाणकार तिथं घसरतात. मी आवाज पहिल्याइतका खाली आणला आणि पुन्हा लावला. काकीनं ऐकलं, माझ्याकडे बघितलं आणि आवाज नसलेल्या गळ्यानं खदखदून हसली. "फसले र! मोठ्यानं बोलली म्हनून खरी वाटली." तेवढ्यात कोणाचा तरी मेसेज आला आणि ओळीच्या ऐन मध्यात लॅपटॉप टुण्‌ करून वाजला. "आनि हा मधी शिंकला कोन?" झालं, दुसराही बाद.

तिसरा माझा नवा लाडका होता. मी तो आदल्या दिवशीच उतरवून घेतला होता आणि त्यातली 'सुधारणा' असं लिहिलेली एकूण एक सोय चालू केली होती. आवाज खरंच स्वच्छ आला. काकीचा चेहरा उजळला. "हाय. हीच हाय," ती म्हणाली, आणि आळीतल्या बायकांना बोलावणं गेलं. मागं कोण म्हणणार ते ठरवायला नको का? बायका पदर खोचून बसल्या, मी प्लेअर सुरू केला.

पहिली ओळ संपली. बायकांनी ती उचलायला तोंड उघडलं, तोच स्पीकरमधून दुसरी ओळ सुरू. त्या घाईनं दुसरीकडे वळल्या, तर तिसरी आली. कोणी पहिली म्हणतेय, कोणी तिसरी, एक तर भलत्याच लग्नातली. "अगो काकी, थांब की!" एक बाई स्पीकरला ओरडली, आणि सगळ्या हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मीही हसत होतो. मग मी काकीकडे बघितलं.

तिचा चेहरा पडला होता. "बंद कर," ती म्हणाली. "मी अशी नाय. मागच्यांना जागा देत नाय ती कसली धवलारीन? आवाज माजा हाय, पन बाई दुसरीच हाय." ती उठली आणि आतून नारळ घेऊन आली. तिनं त्या नारळाला टिचकीही मारली नाही, यावरून प्रकरण किती हाताबाहेर गेलंय ते मला कळलं. प्राची दारात उभी राहून रडायला लागली.

"काकी, पाच मिनिटं दे," मी म्हणालो. रेकॉर्डिंगच्या वेळी मी गाणं नव्हे, आवाज ऐकत होतो. मागं बाई नव्हती, तर मग काकी ओळीनंतर थांबली होती की नव्हती? थांबली नसेल तर सगळंच संपलं होतं. मी त्या प्लेअरची सेटिंगं एकेक करून वाचली आणि एका ठिकाणी अडलो. 'शांतता गाळा.' ती सोयही मी चालू केली होती! जिथं काही वाजत नाही ती जागा हा प्लेअर आपणहून कापून टाकत होता. मी ती बंद केली. मग बाकीच्याही सगळ्या बंद केल्या, पट्ट्या, मुलामा, सगळं. शेवटची एकच चालू ठेवली, की हा वाजत असताना लॅपटॉपमधल्या दुसऱ्या कोणी शिंकायचं नाही. आता तो प्लेअर म्हणजे नुसती एक राखाडी खिडकी उरली, आणि मी तो सुरू केला.

काकीची ओळ आली, तिची ती धार घेऊन. ओळ संपली. मग नुसती बांगड्यांची किणकिण, काकीचा श्वास, आणि ओट्यावर हलकेच पडणाऱ्या टिचक्या. ठक्, ठक्. आमच्या रिकाम्या स्वयंपाकघरात, जिथं मागं कोणीच नव्हतं, तिथंही ती बायकांसाठी थांबली होती आणि त्या म्हणून होईपर्यंत ताल धरून उभी होती. ओटीवरच्या बायकांना कोणी सांगावं लागलं नाही. त्यांनी ओळ उचलली, आणि ती संपता संपता काकीची पुढची ओळ अगदी जागेवर आली. काकी नारळ मांडीवर ठेवून खाली बसली. धवला संपल्यावर तिनं हात लांब करून लॅपटॉपला टिचकी मारली आणि म्हणाली, "भरलेला हाय. मगाशी तू तेच कापत होतास."

लग्नाच्या दिवशी मी लॅपटॉपपाशी पहाऱ्यासारखा बसलो होतो. डीजेवाला दोनदा येऊन म्हणाला, "जरा बास मारू का?" मी त्याला काकी दाखवली, तो परत गेला. मांडवात काकीचा आवाज उठला तेव्हा गलका करणारी माणसं माना वळवून बघायला लागली. हळद लागलेली प्राची मान खाली घालून हसत होती आणि रडतही होती. काकी पुढं बसलीच नाही. ती मागच्या बायकांत जाऊन बसली, आणि प्रत्येक मोकळ्या जागेत त्यांच्याबरोबर ओठ हलवून कुजबुजत ओळ म्हणत राहिली.

नंतर मी विचारलं, "काकी, आवाज कसा लागला?"

"आवाज सोड र," ती म्हणाली. "अख्ख्या जल्मात आज पयल्यांदा मागं बसून बोलले. पुढची बाय चांगली होती. घाई नाय करत."

काकीला जाऊन आता वर्ष होत आलं. ती राखाडी खिडकी मी बदललेली नाही, नवे प्लेअर शोधायचंही थांबवलंय. कधी रविवारी आठवण दाटून येते, तेव्हा धवला लावतो. काकीची ओळ येते, संपते, ओट्यावर टिचक्या पडायला लागतात. मला कुठं धवला येतो! मी आपला ऐकत राहतो. परवा अशीच ओळ संपली, आणि आत त्याच ओट्यापाशी पोळ्या लाटणाऱ्या, मधल्या हमालाला हसणाऱ्या सुनीतानं, लाटणं न थांबवता, ती ओळ उचलली.