वरची रेघ

"धरा," एवढंच ते म्हणायचे.

पाटीवरची सगळी अक्षरं कोरून झालेली असायची, फक्त अक्षरांवरची आडवी रेघ बाकी असायची. ज्याच्या नावाची पाटी, त्याने ती समोर बसून दोन्ही हातांनी दाबून धरायची आणि मिस्तरींनी डावीकडून उजवीकडे पटाशी चालवत रेघ मारत जायचं. हातोड्याचा प्रत्येक ठोका धरणाऱ्याच्या तळव्यात उतरायचा. रेघ संपली की मिस्तरी भुशावर एक फुंकर मारायचे आणि पाटी त्याच्याकडे सरकवायचे. हा प्रकार कशासाठी, असं कुणी विचारलंच तर म्हणायचे, "आपल्या नावाला आपला हात लागला पायजे." याहून जास्त खुलासा मी तरी कधी ऐकला नाही.

सातपूरला एका छोट्या कारखान्यात आम्ही बरोबर होतो. लाकडी पाट्या, ढाली, शाळांची मानचिन्हं असा माल तिथे व्हायचा. पत्र्याची शेड, सात-आठ माणसं आणि एक शेठ. मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समन होऊन तिथे लागलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, आणि मिस्तरी चाळिशीत होते. ते त्र्यंबक रस्त्यावरच्या एका खेड्यातून येऊन नाशकात स्थायिक झाले होते. बुटके, पांढरा सदरा, कानावर चपटी पेन्सिल. ती पेन्सिल कानावर असतानाच ते ती शोधायचे, हे तुम्ही अशा माणसांच्या बाबतीत पाहिलंच असेल.

त्यांचं अक्षर वेगळं होतं. 'ब'चं पोट भरलेलं, 'र'ची शेपटी जरा लांब, आणि सगळी अक्षरं एकमेकांना खेटून पण न चिरडता बसलेली. पंचवटीतून चालताना कुठली पाटी त्यांची हे मी पन्नास पावलांवरून सांगत असे. तेवढीच माझी त्या काळातली विद्वत्ता.

एकदा त्र्यंबकेश्वरच्या एका गुरुजींची पाटी द्यायला आम्ही दोघं गेलो होतो. गुरुजी सोवळ्यात होते. पाटी ओसरीवर ठेवा आणि उरलं असेल ते उरकून घ्या, असं ते म्हणाले. मिस्तरी म्हणाले की घाई नाही, सोवळं सुटेपर्यंत बसतो. आणि खरोखरच पायरीवर बसून राहिले. पूजा झाली, जेवण झालं, दीड वाजला. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. शेवटी गुरुजी हात पुसत बाहेर आले, काहीसे कानकोंडे होऊन पाटीसमोर बसले आणि त्यांनी पाटी धरली. रेघ झाल्यावर त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावून जेवायला वाढायला सांगितलं. परतताना मिस्तरी एसटीत म्हणाले, "भाऊसाहेब, आमच्या वस्तीतल्या विहाराची पाटी केली तवा तर साठ माणसं रांगेनं धरून गेली. एका रेघेला सांजवेळ झाली. हे तर एकच माणूस."

ते बौद्ध होते. विहाराची ती पाटी त्यांनी मला मुद्दाम नेऊन दाखवली होती. तिची रेघ नीट पाहिली तर थोडी वरखाली आहे. साठ माणसांनी धरलेली पाटी हलणारच. ती वाकडी रेघ दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी सरळ रेघांच्या वेळी कधी पाहिलं नाही.

मग मशीन आलं. शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा सुमार असेल. परदेशात वापरून झालेलं, कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं मशीन शेठने कुठून तरी मिळवलं. सपाट टेबलावर फळी आवळायची, कागदी पट्टीवर भोकं पाडून आकडे भरायचे, पट्टी मशीनला वाचायला द्यायची, की फिरतं पातं त्या आकड्यांप्रमाणे फळीवर चालत जायचं. मशीनसाठी वेगळी थंड खोली बांधली. आम्ही पत्र्याखाली उकडत असायचो आणि हे महाशय एसीत. मला पुण्याला तीन आठवड्यांचं शिक्षण घ्यायला धाडलं. परत आलो तो पाय जमिनीवर नसलेलाच. अख्ख्या नाशकात हे मशीन चालवणारा मी एकटा, असं मी सासुरवाडीलासुद्धा सांगून आलो.

मशीनबरोबर इंग्रजी अक्षरं आली होती. मराठी नव्हती. ती आम्हालाच भरायची होती, आणि ती कुणाची असणार हे उघड होतं. शेठने मिस्तरींशी बोलायचं काम माझ्यावर सोपवलं. मी त्यांना म्हणालो, "मिस्तरी, मशीन तुमचंच अक्षर काढणार. उद्या आपण नसलो तरी तुमचं अक्षर राहील."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली. मग विचारलं, "आन रेघ?"

"रेघ तुम्हीच मारायची," मी म्हणालो.

हे मी फसवायला म्हणालो नव्हतो, एवढं तुम्ही माझं मानून घ्या. शब्दाची लांबी दर वेळी वेगळी, म्हणून प्रत्येक अक्षर रेघेशिवायच भरायचं ठरलं होतं. रेघ हातानेच मारावी लागणार, असंच मला तेव्हा वाटत होतं.

महिनाभर ते खाकी कागदावर चपट्या पेन्सिलीने एकेक अक्षर काढत होते आणि मी शेजारी बसून आलेखाच्या कागदावर त्याचे बिंदू मोजत होतो. एका 'क'ला चाळीस बिंदू लागले. 'ज्ञ'ने तर रडवलं. ते मध्येच थांबून सांगायचे, इथे हात हलका सोडायचा, इथे दाबायचा. मी म्हणायचो, मिस्तरी, हलकं-जड नको, आकडा सांगा. ते हसायचे. त्यांनी एकही अक्षर हातचं राखून दिलं नाही. पुढे कितीदा तरी मनात आलं, की राखलं असतं तर बरं झालं असतं.

पहिल्या दसऱ्याला शेठने मशीनची साग्रसंगीत पूजा केली. मशीनला हार घातला, नारळ फोडला आणि कागदी पट्टीलाही चांगलं पाण्यात कालवलेलं हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी ती पट्टी चढवली तर भोकं कुंकवाने बुजलेली. मशीनने एका शाळेच्या सागवानी पाटीवर 'विद्या' या शब्दाच्या मधोमध असा काही खड्डा खणला की मी धावत जाऊन मशीन बंद केलं. फळी महागाची होती, शेठ बाहेर गेले होते. मिस्तरींनी पाटी माझ्या हातातून काढून घेतली, दुपारच्या जेवणाला न उठता त्या खड्ड्यातून एक पणती कोरून काढली आणि अक्षरं तिच्या दोन्ही बाजूंना अशी जमवून घेतली की शाळेने तशाच आणखी दोन पाट्या मागवल्या. शेठला त्यांनी काही कळू दिलं नाही.

दीड-दोन वर्षं तसं चाललं. मशीन दिवसाला वीस-तीस पाट्या कोरायचं आणि मिस्तरी थंड खोलीच्या दाराबाहेर बसून रेघा मारायचे. पूर्वी त्यांच्या हातून दिवसाला एखादीच पाटी व्हायची. पण आता गिऱ्हाईक येत नव्हतं, माल पोष्टाने आणि ट्रकने जात होता. पाटी कोण धरणार? तेव्हा ते मलाच हाक मारायचे. देवळ्याच्या कुणा डॉक्टरची, कळवणच्या कुणा वकिलाची, कधीही न पाहिलेल्या माणसांची नावं मी तळव्याखाली धरायचो. सुरुवातीला मजा वाटे. नंतर कंटाळा येऊ लागला. खोटं कशाला बोलू, चिडायचोही. माझं मशीन खोळंबायचं.

अशात एका मोठ्या वसाहतीचं काम आलं. प्रत्येक दाराला पाटी, आणि तारीख जवळची. कोरलेल्या पाट्यांचा ढीग मिस्तरींपाशी साचू लागला. शेठ मला खोलीत बोलावून म्हणाले की रेघेपाशी सगळं अडतंय, मशीनला रेघ येत नाही का?

नाही येत, असं मी म्हणू शकलो असतो. त्या मशीनमधलं नाशकात दुसऱ्या कुणाला काही कळत नव्हतं, शेठला तर नाहीच. माझ्या एका 'नाही'वर त्या माणसाची आणखी दहा वर्षं सहज निघाली असती. पण मला येत नाही, असं म्हणायची माझ्यात ताकद नव्हती. मी म्हणालो, दोन दिवस द्या.

दोन दिवस लागलेच नाहीत. अक्षरांच्या रुंदीची बेरीज करायची आणि सगळ्यात शेवटी तेवढ्या लांबीची एक सरळ चाल द्यायची. एका सकाळचं काम. रेघ अशी आली की फूटपट्टी लावून बघावी. मी शेडमधल्या सगळ्यांना बघायला बोलावलं. आज आठवलं की मान खाली जाते. मीच हाका मारून बोलावलं, आणि त्यांनाही बोलावलं.

मिस्तरी आले. त्यांनी रेघेवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"सरळ हाय," ते म्हणाले.

शेठने त्यांना काढलं नाही. पाट्यांना पॉलिशपेपर मारायचं काम दिलं, पगारही तोच ठेवला. ते आठवडाभर आले. मग यायचे थांबले. मी उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिलो. एका बुधवारी बायकोबरोबर गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात गेलो तर ते पोळपाट-लाटणी मांडून बसलेले दिसले. मला पाहून उठले, तब्येत विचारली, बायकोला एक पोळपाट निवडून दिला. मी सिडकोत घर बांधतोय हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. म्हणाले, "पाटी माझ्याकडं. दुसरीकडं जायचं नाय." मी हो म्हणालो. माफी मागायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात एक बाई लाटणं घासाघीस करून मागू लागली. खरं तर ती नसती तरी मी मागितली असती, याची मला खात्री नाही.

घर व्हायला वर्ष लागलं. वास्तुशांत झाली आणि पंधरा दिवसांनी मिस्तरींची मुलगी आली. ती शाळेत शिक्षिका होती, मी तिला ओळखत होतो. हातात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काही होतं. बाबा महिन्यापूर्वी गेले, असं तिने उभ्याउभ्याच सांगितलं. आम्हाला कुणीच कळवलं नव्हतं. शेवटच्या दिवसांत उजवा हात उचलत नव्हता, पण पाटी त्याच्या आधीच कोरून झाली होती, म्हणाली.

मी फडकं सोडलं. शिसवी फळी, माझं आणि बायकोचं नाव, 'ब'चं पोट भरलेलं. वरची रेघ नव्हती.

"रेघ तुम्ही धरल्यावर मारायची म्हणून ठेवली होती," ती म्हणाली. "मग हात गेला. तेव्हा म्हणाले, भाऊसाहेबांना सांग, मशीनवर मारून घ्या. सरळ येते."

मला विचारल्यावाचून राहवलं नाही. "रागाने म्हणाले का?"

तिने जरा आठवून पाहिलं. "बाबांना रागावता यायचं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला माहीतच आहे की."

रागाने म्हणाले असते तर ते ओझं मी कसंबसं उचललं असतं. पण बहुधा ते साधेपणाने म्हणाले असावेत. एका कामगाराने दुसऱ्याला कामाची गोष्ट सांगावी तसं. हे मला आजही सहन होत नाही.

पाटी मी तशीच लावली आहे. नवा पोस्टमन आला की बिनरेघेची अक्षरं बघून विचारतो, साहेब गुजराती का? शेजारचे म्हणाले, एवढं मशीन हाताशी आहे, एक रेघ मारून आणायला काय जातं? मी आणतो म्हणतो. दिवाळीच्या आधी पाटी पुसायला खाली काढतो, मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी दाबून धरतो, आणि आतून बायकोची हाक येईपर्यंत तसाच बसून राहतो.