निळ्या ड्रमावरचं आडनाव

माझी नात इंग्लंडहून नांदेडला परत आली. तिचा नवरा गेला होता. सकाळी सायकलवरून कामाला निघाला, सिग्नलला थांबला आणि तिथंच पडला. चौतीस वर्षांचा माणूस. ती आली, बॅग पलंगाखाली सारली आणि भिंतीला टेकून फोन बघत बसली. रडली नाही. मीही रडले नाही. माझा नवरा गेला तेव्हाही मला रडू आलं नव्हतं. भेटायला आलेल्या बायका माझ्या तोंडाकडं बघत बसायच्या, चहा घ्यायच्या आणि जरा नाराज होऊनच जायच्या.

असे बरेच महिने गेले. घरात सगळे हळू बोलायचे. कुकरच्या शिट्टीचाही अपराध वाटावा इतकं हळू. मग लातूरच्या एका क्लासमध्ये तिला केमिस्ट्री शिकवायची नोकरी लागली, आणि घरात एकच विषय सुरू झाला, तिनं आडनाव कोणतं लावायचं.

मुलगा, म्हणजे तिचा बाप, मला म्हणाला, "आई, तूच सांग तिला. गाव नवं, नोकरी नवी. आता आपलं आडनाव लाव म्हणावं."

"का?"

"का म्हणजे? ते इंग्रजी आडनाव ऐकलं की समोरचा विचारणार, हे कुठलं? नवरा इंग्रज होता. होता म्हणजे? झालं. रोज कुणाकुणाला सांगत बसंल ती? गॅसवाल्याला, रिक्षावाल्याला, पोरांच्या आईबापाला?"

त्याचं खोटं नव्हतं. पण दुसरी बाजूही होती, ती तिनं मला एकदाच सांगितली. भाजी निवडता निवडता म्हणाली, "आज्जी, माझ्याकडं त्याचं दुसरं काही राहिलं नाही. कपडे मी देऊन आले." एवढं बोलली आणि मेथीची जुडी संपवून उठली. क्लासवाले वेळापत्रकात नाव कसं छापायचं ते विचारून राहिले होते. ती "सांगते" म्हणायची आणि सांगायची नाही.

आता नाव बदलण्याच्या बाबतीत मी कुणाला शहाणपण शिकवावं अशी बाई नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मी एक अख्खी वही नव्या सहीनं भरली होती. आडनावाच्या शेवटी मोराच्या शेपटीसारखा एक फाटा काढायचे. कॉलेजातल्या मैत्रिणींना दाखवायचे, जसं काही कलेक्टरीणच व्हायची होते. लग्न लागलं, आणि सासूबाईंनी माझं पाळण्यातलं नावही बदलून टाकलं, कारण त्या नावाची एक जाऊ घरात आधीच होती. अर्धी वही वाया गेली. शेपूट तेवढं कामाला आलं.

नवऱ्याचं नाव घ्यायची मला अजून सवय नाही, आणि आडनाव म्हणजे त्याच्याच नावाचा मागचा डबा. तेव्हा ते इथं लिहीत नाही. कंधारच्या अलीकडं एक गाव आहे, त्या गावाच्या नावाला "कर" लावला की आमचं आडनाव होतं, एवढं पुरे.

माझा नातजावई लग्नानंतर पहिल्यांदा नांदेडला आला तेव्हा आम्हाला वाटलं, गुरुद्वारा बघेल, गोदावरीवर फोटो काढेल. ते त्यानं केलं. पण त्याला नाद होता आडनावांचा. कोणतं आडनाव कुठून निघालं आणि आता कुठं कुठं पसरलं, हे तो बसल्या जागी शोधत राहायचा. मला म्हणाला, "आज्जी, तुमच्या आडनावाचं गाव बघायचं." त्याचं मराठी एवढंच होतं, पण हट्टाला पुरायचं.

म्हणून आम्ही जीप केली. गावात एका हॉटेलावर बसलो. त्यानं नातीकरवी हॉटेलवाल्याला विचारलं, "या आडनावाचे लोक कुठं राहतात?"

हॉटेलवाला कपबशी विसळायची थांबला. "ह्या नावाचं? हितं कुणीच न्हाई."

"एकही नाही?"

"आता गावातल्या माणसाला गावाचं नाव लावून कोण बोलवीन, सांगा बरं! समदेच हितले. भायर गेल्यावर लावतेत तसलं."

मग नातजावयानं माझ्याकडं बघितलं. तुम्ही कुठं राहत होता? मी हात केला ओढ्यापलीकडं. तिथं आता बाभळी होत्या आणि एक निळा झेंडा. गावात असताना आमच्या माणसांना गावाच्या नावानं कुणी हाक मारली नाही, आमच्यासाठी गावाकडं दुसरा शब्द होता. माझे सासरे लहानपणी नांदेडच्या शाळेत गेले, मास्तरांनी विचारलं, कुठला रे तू? त्यांनी गाव सांगितलं आणि मास्तरांनी पुढं "कर" लावून टाकला. ज्या गावानं विहिरीवर चढू दिलं नाही, त्याचं नाव आम्ही आता रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेवर, सगळीकडं घेऊन हिंडतो. मी नातीला म्हटलं, हे सांग त्याला. तिनं खालच्या आवाजात सांगितलं.

मग त्यानं फोनवर एक नकाशा काढला. आधी त्याच्या देशाचा, मग जगाचा; जिथं त्याच्या आडनावाची माणसं जास्त, तिथं निळा रंग गर्द. त्याचं आडनावही गावाचंच होतं. कुण्या एका जातीच्या झाडाचं नाव आणि पुढं रान तोडून केलेली मोकळी जागा, असा त्याचा अर्थ. त्यांच्यात "कर" लावत नाहीत, गाव जसंच्या तसं उचलून अंगावर घेतात. तो त्या गावाला जाऊन आला होता. कुणाच्या दारावर नाही, चर्चच्या मागच्या थडग्यांवर नाही, ते आडनाव तिथं कुठंच नव्हतं. नकाशावर तिथं पांढरं होतं. गर्द निळा रंग होता तो डोंगराखाली, जिथं एके काळी कापडगिरण्या होत्या. सहा-सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी रान सोडून पोटासाठी खाली उतरला असेल, कुणीतरी विचारलं असेल, कुठला रे तू? झालं. मग पोरंबाळं, मग गिरण्या. मग कॅनडा, ऑस्ट्रेलिया, तिथं फिकट निळं. आपला देश कोरा. नातीनं लग्नानंतर त्याचं आडनाव लावलं होतं, म्हणून त्यानं नांदेडच्या जागी बोट टेकवलं आणि मला म्हणाला, "आज्जी, इथे दोन. सुट्टी संपेपर्यंत."

भिंतीला टेकून ती तोच नकाशा बघायची. एकदा मी मागून डोकावले. निळा रंग होता तसाच होता. एक माणूस कमी झाल्यानं त्यात काही फरक पडलेला नव्हता.

खोली बघायला तिच्याबरोबर लातूरला मी गेले. बाप म्हणाला मी येतो, पण तो आला असता तर घरमालकासमोर आडनाव त्यानंच सांगून टाकलं असतं. एस.टी.त खिडकीपाशी ती, अलीकडं मी.

"काय ठरवलंस?"

"काही नाही."

"हे बघ, विचारणार दोन्हीकडून. ते सांगितलंस तर नवरा विचारतील, आपलं सांगितलंस तर जात विचारतील. कोणता प्रश्न तुला कमी लागतो तेवढं बघ."

"आज्जी, तू गंमत करतीयेस का?"

"हाव."

तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर सोयाबीन होतं, मैल न् मैल सोयाबीन. बघण्यासारखं काहीच नव्हतं आणि ती बघत होती.

लातूर मला नवं नव्हतं. माझी पहिली नोकरी लातूरची. नवरा नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात, मी इथं शाळेवर, एका खोलीत भाड्यानं. घरमालकिणीनं आडनाव विचारलं, मी ते शेपटीसकट सांगितलं. त्या आडनावाचे एक मोठे वकील होते गावात, वरच्या जातीतले. मालकिणीनं मनाशी काय धरलं ते तिचं तिला माहीत. मला रोज ताक मिळायचं, "बाई, बाई" व्हायचं, आणि मला वाटायचं, हा माझ्या बी.एड.चा मान आहे! पदर एका खांद्यावरून सोडून मी नळावर जायचे, जशी काही शिक्षणखात्याची अर्धी इमारत माझ्याच डोक्यावर उभी होती.

अंगणात नळापाशी सगळ्या भाडेकरूंची पाण्याची लोखंडी टिपाडं ओळीनं असायची. त्यात माझंही एक. एके रविवारी सासरे आले आणि त्यांनी दारातूनच मालकिणीला खणखणीत जयभीम घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर माझं टिपाड ओळीतून उचललेलं आणि जिन्याखाली, माझ्या दारापाशी आणून ठेवलेलं.

मी काय समजावं? मी समजले, बाईला पाणी लांबून आणावं लागतं म्हणून मालकिणीनं सोय केली. मी प्लेटभर शंकरपाळे घेऊन आभार मानायला गेले. हसू नका. खरंच गेले. "किती काळजी घेता हो तुम्ही," असंही म्हटलं. ती म्हणाली, "ठेवा तिथं." मी ओट्यावर प्लेट ठेवली. संध्याकाळी प्लेट तिथंच होती, कावळ्यांनी शंकरपाळे नेले होते. मी म्हटलं, उपास असेल.

शनिवारी नवरा आला. त्यानं टिपाड बघितलं, नळ बघितला, मला बघितलं. म्हणाला, "शिकलेली आहेस ना तू?" बस, एवढंच. तेव्हाही मला काही झालं नाही. राग नाही, रडू नाही. मी त्याला चहा टाकला. राग यायला फार वर्षं लागली, आणि आला तोवर ती बाई मरून गेली होती.

तर आता नात आणि मी एका अंगणात उभ्या होतो. वरची खोली बघून झाली होती. मालकीण गाऊनवर ओढणी टाकून आलेली, तोंडात सुपारी. भिंतीला लागून निळे प्लॅस्टिकचे ड्रम ओळीत. प्रत्येकावर ऑइलपेंटनं भाडेकरूचं आडनाव. लातूरला पाणी कधी येईल नेम नाही, टँकरचं पाणी वाटून घ्यायचं, म्हणून ड्रमावर नाव.

"आडनाव काय मॅडम तुमचं?"

नातीनं माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम ड्रमांकडं बघितलं. त्यात मी कुणाच्या मदतीला यावं असं काही नव्हतं.

तिनं सांगितलं. त्याचं.

"काय म्हणलात?"

तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश.

"हे कुठलं हो?"

"गावाचं नाव आहे. इंग्लंडातलं."

"मिस्टर तिकडले का?"

"हो."

"येतेत का मधून मधून?"

"वारले."

"आगं माय." मालकिणीनं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. मग म्हणाली, "पानी हप्त्यातून एकदा येतं, कधी दहा दिवस लागतेत. मोटर लावायची न्हाई, आधीच सांगते. ड्रमावर नाव घालून घ्या, न्हाई तर भांडणं होतेत."

एवढंच होतं ते. मुलगा महिनाभर ज्याला घाबरत होता, मीही आतून घाबरत होते, ते एवढंच होतं. मी नातीकडं बघितलं. ती तशीच उभी होती, पर्स खांद्याला, जसं बँकेत नंबर येण्याची वाट बघत उभं राहावं.

मग मालकीण माझ्याकडं वळली. "आन् आज्जी, तुमचं आडनाव? तुम्ही कोणाच्या?"

"मी हिची," म्हटलं.

तिला ते पुरलं नाही हे दिसत होतं, पण मीही तिला पुरून उरणारी आहे हे तिला दिसलं असावं. तिनं जिन्याखालून एक रिकामा ड्रम ओढून काढला. ती तो तिथंच ठेवते की काय म्हणून मी त्यावरून नजर हलवली नाही. तिनं तो पायानं ढकलत ढकलत नळापर्यंत नेला आणि दोन ड्रमांच्या मधे घुसवला. "हितं. लायनीत ऱ्हाऊ द्या."

मी जाऊन हात लावून बघितला. नीट बसला होता.

मालकिणीनं उरलेल्या पांढऱ्या रंगाचा डबा दिला. रंग वर साय धरून बसलेला, ब्रशचे केस काठीसारखे. नात ओढणी कमरेला खोचून ड्रमापुढं उकिडवी बसली आणि मराठीत ते आडनाव लिहायला लागली. एकेक अक्षर काढायची, थांबायची. तिनं ते लिहिताना तोंडानं पुटपुटलेलं मी ऐकलं. कुणी न विचारता, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. ड्रम गोल, आडनाव लांब, त्यामुळे शेवटचं अक्षर वळून बाजूला गेलं.

"आज्जी, समोरून पूर्ण दिसत नाही."

"ड्रम फिरव."

"मग पहिलं दिसत नाही."

"मग राहू दे. पाणी भरायला तेवढं पुरतं."

तिनं हात पुसला. फोन काढला, तो नकाशा उघडला असं मला वाटलं, पण तिनं क्लासवाल्यांना मेसेज केला. वेळापत्रकात घालायचं नाव पाठवलं आणि फोन परत पर्समध्ये टाकला. तोंड होतं तसंच होतं.

बसस्टँडवर जायला रिक्षा मिळाली तेव्हा मुलाचा फोन आला, माझ्या फोनवर.

"खोली मिळाली?"

"मिळाली. पाणी दहा दहा दिवस येत नाही."

"आणि आडनावाचं काय ठरलं?"

"घातलंय," म्हटलं, "रंग ओला हाय अजून. तू हात लावू नको."